पॉइंट तुमचे, नियम त्यांचे!

‘सर, वेलकम बोनसमध्येच फ्लाइटचं तिकीट निघून जातं!’ हे वाक्य ऐकलं नाही असा नोकरदार आता सापडणं कठीण. हिंजवडीच्या फूड कोर्टात टेबल टाकून बसलेला टायवाला मुलगा ते म्हणतो. एअरपोर्टवर सिक्युरिटी चेक संपला की समोरच उभी असलेली मुलगी म्हणते. आणि फोनवर तर ते नेमकं तुम्ही अप्रेझलला बॉससमोर बसलेले असतानाच ऐकू येतं. गंमत म्हणजे वाक्य खोटं नसतं. अर्धं असतं.

उरलेलं अर्धं शोधायला निमित्त झालं एका धुळेकर मित्राचं. गडी पुण्यात आयटीत, आई-बाबा धुळ्याला देवपुरात. गोंदूरच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं मान वर करून बघायची, एवढाच त्या दोघांचा विमानाशी संबंध. पोराच्या डोक्यात आलं, की एअरलाइनच्या नावाचं क्रेडिट कार्ड घ्यायचं, वेलकम बोनसचे पॉइंट आले की आई-बाबांना जळगावला न्यायचं (नव्वदेक किलोमीटर, गाडीनं दोन तास) आणि तिथून मुंबईच्या विमानात बसवायचं. प्लॅन सॉलिड. त्यानं एका ओळीत विचारलं, ‘भो, घेऊन टाकू का कार्ड?’

थांब रे भो. आधी एक फंडा क्लिअर करू.

अशा को-ब्रँडेड कार्डावर दोन लोगो असतात, एक बँकेचा आणि एक एअरलाइनचा. दोन लोगो म्हणजे नियमांची दोन पुस्तकं. बोनस कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, किती खर्च केल्यावर द्यायचा, हे बँकेच्या पुस्तकात. तो तुमच्या खात्यात पडल्यावर त्याचं काय होणार, किती पॉइंटांना कुठली सीट, कुठल्या मार्गावर, कुणाच्या नावानं आणि किती मुदतीत, हे सगळं एअरलाइनच्या पुस्तकात. टेबलावरचा मुलगा बँकेचा, खरं तर बँकेनं नेमलेल्या एजन्सीचा. दुसरं पुस्तक त्यानं उघडलेलंही नसतं. त्याला दोष देऊन काय फायदा? त्याला महिन्याचं टार्गेट आहे.

पॉइंट येतात कुठून? बँक ते एअरलाइनकडून चक्क विकत घेते आणि तुम्हाला वाटते. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी आपला ‘एअॅडव्हान्टेज’ प्रोग्राम सुरू केला, तेव्हा हेतू साधा होता : नेहमीचा प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये. १९८७ मध्ये त्याला सिटीबँकेचं कार्ड जोडलं गेलं आणि विमानात न बसताही माइल्स मिळायला लागले. हा धंदा पुढे किती फुगला, ते कोविडमध्ये कळलं. विमानं जमिनीवर उभी होती, तिकिटं विकली जात नव्हती, आणि २०२० मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं आपला मायलेजप्लस प्रोग्राम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सनं असंच करून १० अब्ज आणले. विचार करा, विमानं उडत नसतानाही सावकाराला पॉइंटांचा धंदा भरवशाचा वाटला! स्वतःच नोट छापायची, स्वतःच तिची किंमत ठरवायची आणि वाटेल तेव्हा बदलायची. कुणाला नाही आवडणार?

आता या नोटा जळगावात चालतात का, ते बघू.

जळगावच्या विमानतळाचं भाग्य प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना उजळलं. पण धावपट्टी, टर्मिनल सगळं असूनही रोजच्या विमानाची वाट बघत बसावं लागलं. ‘उडान’ योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं १९ सीटचं छोटं विमान आलं. ते फार टिकलं नाही. २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर आलं, पण २०२२ मध्ये ती कंपनीच थंडावली. मग २०२४ मध्ये फ्लाय९१ गोवा आणि हैदराबादकडे उडायला लागली आणि अलायन्स एअर मुंबईकडे. या चार नावांकडे नीट बघा. फूड कोर्टातल्या त्या टेबलावर यातल्या एकाच्याही नावाचं कार्ड मी तरी पाहिलेलं नाही.

इथेच आपल्याकडचे बरेच जण गंडतात. ‘अलायन्स एअर म्हणजे एअर इंडियाच ना?’ होती, एके काळी. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून तिचा कोड वेगळा, तिकीट वेगळं, वेबसाइट वेगळी. त्यामुळे एअर इंडियाचे पॉइंट हातात घेऊन जळगाव-मुंबईचं स्वप्न बघण्यात अर्थ नाही. ते पॉइंट मुंबईहून किंवा पुण्याहून कामाला येतील. म्हणजे आमच्या मित्राच्या आई-बाबांना पहिल्या विमानप्रवासासाठी आधी रेल्वे पकडावी लागणार. फुकटच्या तिकिटाआधी आरक्षणाचं तिकीट!

थोडं गणितही करू. एअर इंडियाच्या नावानं निघणाऱ्या एसबीआय कार्डाच्या सिग्नेचर प्रकाराची फी अनेक वर्षं ४,९९९ रुपये होती आणि त्यावर वेलकम गिफ्ट म्हणून २०,००० पॉइंट मिळायचे. फीवर १८ टक्के जीएसटी लावला की झाले साधारण ५,९०० रुपये. आणि ‘उडान’ सुरू झाली तेव्हा त्यातल्या तासाभराच्या प्रवासाला ठरावीक सीटांसाठी कमाल भाडं होतं अडीच हजारांच्या आसपास. पाच हजार नऊशेत अशा दोन सीट येतात, म्हणजे आईची एक, बाबांची एक. नवं कार्ड लागत नाही, पॉइंट लागत नाहीत, मुदतीची भानगड नाही. अर्थात अशा सीट मोजक्याच असतात आणि लवकर जातात. पण जळगाव-धुळ्याच्या माणसानं आधी हे गणित मांडावं आणि मग टेबलाकडे वळावं.

बरं, पॉइंटांवर निघालेलं तिकीटही तसं पूर्ण फुकट नसतंच. पॉइंट जातात मूळ भाड्यापोटी. टॅक्स आणि विमानतळाचे चार्जेस बहुतेक ठिकाणी खिशातून भरायचे. शिवाय दुसऱ्याच्या नावानं तिकीट काढायला प्रत्येक प्रोग्रामचे नियम वेगळे. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये पाचच नॉमिनी नोंदवता येतात, आणि माइल्स तीन वर्षांत संपतात. आपल्याकडची बरीच कार्डं तिथे पॉइंट ट्रान्सफर करू देतात, म्हणून हे सांगितलं.

आता विस्ताराची गोष्ट. अॅक्सिस बँकेची विस्ताराच्या नावाची तीन कार्डं होती. साध्या कार्डाला १,५०० रुपये फी आणि इकॉनॉमीच्या तिकिटाचं व्हाउचर, सिग्नेचरला ३,००० आणि प्रीमियम इकॉनॉमीचं, इन्फिनिटला १०,००० आणि थेट बिझनेस क्लासचं. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये या कार्डांची जबरी क्रेझ होती, आणि खरं सांगायचं तर हिशेबानं ती चांगलीच कार्डं होती. खान्देशात विस्तारा कधी उतरली नाही, तरी पुण्यात राहणाऱ्या खान्देशी पोरांनी या व्हाउचरवर दिल्ली, गोवा केलं. मग १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक दरानं एअर इंडियाच्या प्रोग्राममध्ये गेले, तो आता महाराजा क्लब म्हणून ओळखला जातो. बँकेनं नवी कार्डं देणं थांबवलं. १८ एप्रिल २०२५ नंतर रिन्यू होणाऱ्या कार्डांची वार्षिक फी माफ झाली, आणि त्याबरोबर पॉइंट आणि तिकिटाची व्हाउचरंही बंद झाली. जिच्यासाठी कार्ड घेतलं ती एअरलाइनच उरली नाही, खिशात प्लास्टिक राहिलं.

एअर इंडियाच्या एसबीआय कार्डांचंही तेच. ३१ मार्च २०२५ पासून सिग्नेचर कार्डावर एअर इंडियाची तिकिटं काढल्यावर शंभर रुपयांमागे ३० ऐवजी १० पॉइंट मिळायला लागले, प्लॅटिनमवर १५ ऐवजी ५. वेलकम बोनस बघून वर्षाच्या सुरुवातीला ज्यानं कार्ड घेतलं, त्याचं पुढचं सगळं गणित तीन महिन्यांत एकतृतीयांशावर आलं. बेकायदा काही नाही. ‘नियम बदलू शकतात’ ही ओळ दोन्ही पुस्तकांत पहिल्यापासून छापलेली असते.

आणि मुळात एअरलाइनच बुडाली तर? किंगफिशरचा किंग क्लब आठवतोय? ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं थांबली आणि पॉइंट हवेत विरले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली तेव्हा मात्र वेगळंच झालं. जेटप्रिव्हिलेज ही स्वतंत्र कंपनी होती, त्यात एतिहादचा मोठा हिस्सा होता, म्हणून माइल्स वाचले आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावानं जगले. पण जेटची सीट काही मिळाली नाही. तेव्हा पॉइंट मिळाले की वापरा. साठवून ठेवायला ते बाबांचं फिक्स्ड डिपॉझिट नव्हे.

आता बँकेच्या पुस्तकाकडे. इथे मात्र आपली माणसं हुशारी करायला जातात आणि अडकतात.

वेलकम बोनसला बहुतेक वेळा अट असते, की अमुक दिवसांत अमुक रुपये खर्च करा. मोठ्या बोनसला मोठा आकडा. जळगावच्या माणसाला यावर उत्तर लगेच सुचतं : सोनं! सुवर्णनगरीतला माणूस, घरात लग्न ठरलेलं, सराफ बाजारात जायचंच आहे, मग कार्ड तिथेच घासू. एका फटक्यात टार्गेट पूर्ण. पण पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की कुठला खर्च धरला जाणार नाही. अनेक कार्डांवर त्या यादीत सोनं-दागिने असतात. पेट्रोल असतं, घरभाडं असतं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे असतात, विमा असतो, सरकारी भरणा असतो. म्हणजे दोन लाखांचं मंगळसूत्र घेऊनही बोनसच्या हिशेबात तुमचा खर्च शून्य! वर दुकानदारानं कार्डासाठी दोन टक्के जादा मागितले असतील तर ते वेगळेच. आधी यादी बघा, मग सराफाकडे जा. किंवा सराफाकडे जा आणि बोनस विसरा, सोनं काही वाईट खरेदी नाही.

‘फर्स्ट इयर फ्री’ ऐकून खूश होऊ नका. बहुतेक ठिकाणी वेलकम बोनस फी भरणाऱ्यालाच मिळतो. फी माफ, तर बोनसही माफ. टेबलावरचा मुलगा या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो आणि आपणही त्या एकाच दमात ऐकतो. हेच कार्ड आधी वापरून बंद केलं असेल, तर पुन्हा बोनस मिळेल का हेही विचारा. बायकोच्या नावाच्या अॅड-ऑन कार्डाला सहसा वेगळा बोनस नसतो. ते तुमच्याच खात्याचं शेपूट.

नावाचाही एक अस्सल मराठी घोळ आहे. पॅनवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी तीन नावं, कार्डावर दोन, आणि एअरलाइनच्या मेंबरशिपमध्ये मधलं नाव आडनावाच्या रकान्यात. पाटील, चौधरी, महाजन मंडळींना हे चांगलंच ठाऊक असेल. नाव जुळलं नाही की पॉइंट मध्येच लटकतात आणि बँक एअरलाइनकडे, एअरलाइन बँकेकडे बोट दाखवते. फॉर्म भरतानाच तिन्ही ठिकाणी नाव एकसारखं करून घेतलेलं बरं.

अमेरिकेत हा सगळा खेळ फार पुढे गेलेला आहे. तिथे लोक एकेका बोनससाठी कार्ड घेतात, बोनस उचलतात, कार्ड बंद करतात, पुन्हा घेतात. बँकांनीही मग कुंपणं घातली. अमेरिकन एक्स्प्रेसचा एका कार्डाचा बोनस आयुष्यात एकदाच. चेस बँकेची ख्याती अशी, की मागच्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच कार्डं घेतली असतील तर अर्ज नामंजूर. सिटीनं आपल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या कार्डाला ४८ महिन्यांची अट घातली. पण काही जणांना टपालानं आलेल्या आमंत्रणपत्रांत ही अटच छापलेली नव्हती. झालं! दुसऱ्यांच्या नावे आलेल्या पत्रांवरचे कोड वापरून लोकांनी तेच कार्ड पुन्हा पुन्हा घेतलं. बँकेनं अर्ज मंजूर केले, बोनस दिले. आणि २०१९च्या अखेरीपासून अमेरिकन एअरलाइन्सनं त्यांची खाती बंद करायला सुरुवात केली. बँकेनं नव्हे, एअरलाइननं! लाखो माइल्स एका रात्रीत गेले. ‘बँकेला चाललं, मग तुम्हाला काय?’ हा त्यांचा सवाल. उत्तर सोपं होतं : आमचं पुस्तक वेगळं.

त्यांनी निदान चलाखी तरी केली होती. मिनेसोटाचे रब्बाय बिन्यामिन गिन्सबर्ग यांनी काय केलं होतं? नॉर्थवेस्ट एअरलाइन्सनं प्रवास आणि तक्रारी! २००८ मध्ये कंपनीनं त्यांना आपल्या वर्ल्डपर्क्स प्रोग्राममधून काढून टाकलं. कारण काय, तर काही महिन्यांत २४ तक्रारी, त्यातल्या नऊ बॅग उशिरा आल्याच्या. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २ एप्रिल २०१४ रोजी कोर्टानं एकमतानं एअरलाइनच्या बाजूनं निकाल दिला. कंपनीनं सद्भावनेनं वागायला हवं होतं, हा गिन्सबर्ग यांचा दावा १९७८च्या विमान वाहतूक कायद्यामुळे टिकत नाही, असं कोर्ट म्हणालं. करारात ‘आमच्या मर्जीनं’ लिहिलंय ना, मग मर्जी चालणार.

आपल्याकडे चित्र इतकं एकतर्फी नाही, आणि ही गोष्ट टेबलावरचा मुलगा कधीच सांगत नाही. बँकेच्या पुस्तकावर रिझर्व्ह बँकेचं लक्ष आहे. बोनस द्यायचं कबूल करून दिला नाही, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, ऑनलाइन आणि फुकट. एअरलाइनचं पुस्तक लोकपालाच्या हद्दीत येत नाही, पण ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सोय अशी, की तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात केस करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो नाहीतर मुंबईला, धुळ्याचा माणूस धुळ्यात आणि जळगावचा जळगावात तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. फक्त हातात कागद हवा. टेबलावर ऐकलेलं वाक्य कागद होत नाही. म्हणून त्या मुलाला गोड हसून सांगा, ‘हेच मला कंपनीच्या ईमेलवरून पाठव.’ पाठवला तर जपून ठेवा. नाही पाठवला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आमच्या मित्रासारखं अजून ‘घेऊ की नको’ चाललेलं असेल, तर तीनच गोष्टी आधी बघा. ज्या मार्गावर जायचंय तिथे ती एअरलाइन आज उडते का, त्या तारखेला पॉइंटांवर सीट दिसते का, आणि फी अधिक जीएसटी हे त्या तिकिटाच्या रोख भावापेक्षा कमी आहे का. तिन्ही होकार असतील तर बिनधास्त घ्या, मजा करा. मुंबई-दिल्ली, पुणे-दिल्ली वरचेवर करणाऱ्यांना चांगलं कार्ड खरंच परवडतं, त्यात वाद नाही.

आणि कार्ड घरी येऊन पडलं असेल, मन बदललं असेल, तर कात्री शोधू नका. कार्ड अॅक्टिव्हेट करू नका. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं घातलेल्या नियमानुसार तीस दिवसांत कार्ड सुरू झालं नाही, तर बँकेला तुमच्याकडून ओटीपीनं संमती घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर सात कामाच्या दिवसांत, तुमच्याकडून कुठलाही खर्च न घेता खातं बंद करावं लागतं. कार्ड आधीच सुरू केलं असेल तर बाकी चुकती करून बंद करण्याचा अर्ज द्या. सात कामाच्या दिवसांनंतर बँक जितके दिवस लावेल, तितक्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये ती तुम्हाला देणं लागते. हे पाचशे पॉइंटांत नाही, रुपयांत मिळतात.